मिनी ४ प्रो की एअर ३?

डीजेआय कंपनीचे हे दोन ड्रोन २०२३ मध्ये दोन महिन्यांच्या अंतराने आले. दोघांच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर एकाच आकाराचा, १/१.३ इंच आणि ४८ मेगापिक्सेलचा. त्यामुळे मोठा ड्रोन घेतला म्हणून रुंद दृश्याचा फोटो आपोआप सरस येईल, असे मुळीच नाही.

खरा फरक एअर ३ च्या दुसऱ्या कॅमेऱ्यात आहे. ७० मिलिमीटरची ही लेन्स दूरचे जवळ ओढते, एकामागच्या एक डोंगररांगा दाटीने उभ्या करते. मुख्य कॅमेऱ्याच्या २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये किल्ल्याचा बुरूज ठिपक्याएवढा उरतो. ७० मिलिमीटरमध्ये त्याची तटबंदी, मागचा कडा आणि त्यामागचे धुके एका चौकटीत येतात. पक्ष्यांच्या घरट्यांपासून लांब राहता येते, हेही मला तितकेच मोलाचे वाटते.

मिनीचा कॅमेरा ९० अंशांनी वळतो, म्हणून उभा व्हिडिओ थेट ४के मिळतो. एअर ३ मध्ये तो कापून २.७के होतो. उड्डाणवेळ कंपनीच्या दाव्यानुसार मिनीची ३४ आणि एअर ३ ची ४६ मिनिटे. वाऱ्याची मर्यादा अनुक्रमे सेकंदाला १०.७ आणि १२ मीटर.

वजन २४९ ग्रॅमच्या आत असल्याने मिनी भारतीय नियमांत ‘नॅनो’ ठरतो, त्याला पायलट परवाना लागत नाही. ७२० ग्रॅमचा एअर ३ ‘मायक्रो’. लग्नाचे किंवा जाहिरातीचे पैसे घेऊन तो उडवायचा तर परवाना हवाच. परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर मात्र फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.