पतंग डोंगर चढताहेत

बोर्निओतल्या ४,०९५ मीटर उंच किनाबालू पर्वताच्या उतारांवर १९६५ मध्ये संशोधकांनी रात्री दिवे लावून पतंग गोळा केले होते. २००७ मध्ये त्याच जागी पुन्हा दिवे लागले. डोंगरी पतंगांच्या १०२ जातींची तुलना केली, तेव्हा त्यांचा मुक्काम सरासरी ६७ मीटर वर सरकलेला आढळला. इथलं जंगल १९६४ पासून उद्यान म्हणून राखलेलं. म्हणजे दोष कुऱ्हाडीवर ढकलता येत नाही, वाढत्या उष्म्याकडेच बोट जातं. सर्वांत काळजी वाटते ती माथ्याजवळच्या जातींची. डोंगर वर निमुळता होत जातो, झाडोरा संपून उघडा कातळ लागतो. खाली साबा राज्याच्या सखल भागात तर जंगलाच्या जागी तेलताडाचे मळे पसरलेत. तिथून वर येऊ पाहणाऱ्या किड्यांची वाट मधेच तुटते.