अमेरिकेचा अध्यक्ष कोणी निवडावा?

दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यातील पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कोट्यवधी नागरिक, आपण राष्ट्राचा अध्यक्ष निवडीत आहोत अशाच भावनेने मतपत्रिकेवर खूण करतात. परंतु राज्यघटनेच्या दृष्टीने पाहता त्या दिवशी निवडला जातो तो अध्यक्ष नव्हे, तर प्रत्येक घटकराज्याने नेमावयाचे निर्वाचक होत. या निर्वाचकांची एकंदर संख्या 538 आहे. प्रत्येक राज्याला काँग्रेसच्या दोन्ही गृहांत त्याच्या जितक्या जागा, तितके निर्वाचक मिळतात, आणि 1961 च्या घटनादुरुस्तीने वॉशिंग्टन या राजधानीला तिघांचा अधिकार मिळाला. डिसेंबरच्या मध्यास हे निर्वाचक आपापल्या राज्यात जमून मते देतात व ज्याच्या पदरी त्यांतील 270 मते पडतील तो अध्यक्ष होतो, मग देशातील मतदारांनी बहुसंख्येने त्यालाच पसंत केलेले असो वा नसो. 1876 व 1888 या साली लोकांच्या मतांत मागे पडलेले उमेदवार अध्यक्षपदी आरूढ झाले. 2000 साली अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक आणि 2016 साली हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा 28 लाखांहून अधिक मते पडूनही दोघांनाही पराभव पत्करावा लागला. जगातील एका अत्यंत सामर्थ्यशाली पदाची निवड या रीतीने व्हावी काय, हा प्रश्न म्हणूनच त्या देशात विझता विझत नाही.

ही व्यवस्था घटनाकारांच्या प्रगाढ दूरदृष्टीचे फळ होय, असे तिचे समर्थक सांगतात. 1787 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे भरलेल्या घटनापरिषदेचे दप्तर चाळले असता मात्र निराळीच हकीकत हाती येते. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी प्रत्यक्ष लोकनिर्वाचनाचा पुरस्कार केला. एवढ्या विस्तीर्ण मुलखातील सामान्य माणसाला दूरच्या उमेदवाराची पारख होणे अशक्य, अशी हरकत व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांनी घेतली. आणि परिषदेने अध्यक्ष काँग्रेसनेच निवडावा असा ठराव मंजूर करून तो पुन्हा फिरविला, असे एकाहून अधिक वेळा घडले. जेम्स मॅडिसन यांनी 19 जुलै रोजी जे प्रतिपादन केले ते या साऱ्या प्रकरणाचे मर्म उघड करणारे आहे. तत्त्वतः जनतेनेच निवड करणे योग्य, हे त्यांना मान्य होते. परंतु दक्षिणेकडील राज्यांत लोकसंख्येचा फार मोठा भाग गुलामांचा असल्यामुळे व गुलामांना मताधिकार नसल्यामुळे थेट मतदानात त्या राज्यांचे वजन पडणार नाही, ही अडचण त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडली. निर्वाचकांच्या योजनेने तिचा परिहार झाला. कनिष्ठ गृहातील जागांसाठी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा जो हिशेब आधीच ठरला होता, तोच निर्वाचकांच्या संख्येत आपोआप उतरला, आणि ज्यांना माणूस म्हणून कसलाही अधिकार नव्हता त्यांच्या शिरगणतीवर त्यांच्या धन्यांची सत्ता वाढली. पहिल्या 36 वर्षांपैकी 32 वर्षे अध्यक्षपद व्हर्जिनियातील गुलाममालकांच्या हाती राहिले, ते या हिशेबाचा विचार केल्यावाचून नीट समजणार नाही.

अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी या योजनेचे जे उदात्त समर्थन केले, त्यात निर्वाचक हे विवेकी, निःपक्षपाती, आपापल्या राज्यात बसून शांतपणे मसलत करणारे आणि म्हणून कटकारस्थानांपासून अलिप्त राहणारे पुरुष होत, अशी कल्पना होती. ती फार काळ टिकली नाही. पक्ष उदयास येताच निर्वाचक हा पक्षाचा मुखत्यार झाला. 1800 साली थॉमस जेफरसन यांच्या लाभासाठी व्हर्जिनियाने, राज्यात ज्याचे मताधिक्य त्यालाच सर्व निर्वाचक, असा कायदा केला. मॅसॅच्युसेट्सने जॉन अॅडम्स यांच्यासाठी निवडीचा अधिकार थेट विधिमंडळाकडे घेतला. आणि 1836 पर्यंत एकटे दक्षिण कॅरोलायना वगळता सर्व राज्यांनी व्हर्जिनियाचा कित्ता गिरविला. आज मेन व नेब्रास्का ही दोनच राज्ये निर्वाचकांची वाटणी करतात. एकाला सर्व व दुसऱ्याला शून्य, हा नियम घटनेत कोठेही नाही. तो पक्षांच्या सोयीतून पडलेला पायंडा आहे, आणि आजच्या अन्यायाचे मूळ घटनाकारांच्या योजनेपेक्षा या पायंड्यातच अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान राज्यांचे रक्षण हे या व्यवस्थेचे सर्वांत लोकप्रिय समर्थन होय. 2020 च्या जनगणनेप्रमाणे वायोमिंगमध्ये एका निर्वाचकामागे सुमारे 1 लाख 92 हजार, तर कॅलिफोर्नियात सुमारे 7 लाख 30 हजार लोक आहेत, तेव्हा कागदावर लहान राज्याला झुकते माप मिळते हे खरे. परंतु वायोमिंग, व्हरमाँट किंवा दोन्ही डाकोटा यांचा कौल आधीच ठाऊक असल्यामुळे तेथे कोणता उमेदवार जाऊन तेथील शेतकऱ्याचे गाऱ्हाणे ऐकतो? लाभ होतो तो लहान राज्यांचा नव्हे, तर ज्यांचा कल अनिश्चित असतो अशा मूठभर राज्यांचा, आणि त्यांत पेनसिल्व्हेनिया, मिशिगन यांसारखी मोठी राज्येच पुढे असतात. न्यू जर्सीत स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची स्थिती पाहावी. 1988 नंतर त्या राज्याने रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नाही, तेव्हा या कुटुंबाने कोणाच्याही बाजूने मत दिले तरी राज्यातील 14 निर्वाचकांची दिशा बदलण्याचा संभव जवळजवळ नाही. तेच कुटुंब डेलावेअर नदी ओलांडून पलीकडे पेनसिल्व्हेनियात राहावयास गेले, की जेथे 2016 साली अवघ्या 44 हजारांच्या फरकाने निकाल लागला त्या राज्यात त्याच्या मतासाठी दोन्ही पक्ष दारी येतील. नदीच्या काठावरून नागरिकाच्या मताचे मोल ठरावे, याचे समर्थन मला कोणत्याही तत्त्वाने करता येत नाही.

निर्वाचकांच्या बाजूचा एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. 2000 साली फ्लोरिडात 537 मतांच्या फरकावरून जो वाद माजला, तो एका राज्यापुरता तरी मर्यादित राहिला. देशभरची मते एकत्र मोजावयाची झाल्यास अटीतटीच्या लढतीत फेरमोजणीची मागणी प्रत्येक परगण्यातून उठेल. त्या देशात भारताच्या निवडणूक आयोगासारखी सबंध राष्ट्राची निवडणूक चालविणारी संस्था नाही. मतदारयादी, मतपत्रिकेचा नमुना, टपाली मतांची मुदत, मोजणीचे नियम, सारेच राज्याराज्यांत भिन्न. इतकेच नव्हे, तर राज्याच्या विधिमंडळाने तशी तरतूद केल्यावाचून नागरिकाला अध्यक्षीय निर्वाचकांसाठी मत देण्याचा घटनादत्त हक्कच नाही, असे 2000 च्या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले. मोजणीची एकसूत्री यंत्रणा नाही म्हणून विषम मताधिकार चालू ठेवावा, हा युक्तिवाद मला पटत नाही; ती यंत्रणा आधी उभी करावी, हेच त्यातून निष्पन्न होते.

आपल्याकडेही राष्ट्रपती निर्वाचकमंडळच निवडते आणि महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य 1971 च्या लोकसंख्येवरून 175 धरले जाते, असे कोणी म्हणेल. परंतु आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी प्रौढ मतदानाने थेट निवडणुकीची सूचना मांडली असता ती नाकारली गेली, कारण ज्याच्या हाती प्रत्यक्ष राज्यकारभार नाही अशा पदासाठी साऱ्या देशाला मतदानास बोलाविण्याचे प्रयोजन नव्हते. अमेरिकेचा अध्यक्ष सैन्याचा सेनापती आणि कार्यकारी सत्तेचा धनी असतो. दोहोंची तुलना नामसाम्यापलीकडे जात नाही.

सुधारणा एकदा हाताशी आली होती. सिनेटर बर्च बाय यांनी पुरस्कारिलेली थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती सप्टेंबर 1969 मध्ये कनिष्ठ गृहाने 338 विरुद्ध 70 मतांनी मंजूर केली, आणि अध्यक्ष निक्सन यांनीही तिला अनुकूलता दर्शविली. पुढील वर्षी सिनेटमध्ये प्रामुख्याने दक्षिणेतील सभासदांनी भाषणे लांबवून ती अडविली, व चर्चा बंद करण्यासाठी लागणारे दोन-तृतीयांश मतांचे पाठबळ दोन प्रयत्नांतही मिळाले नाही. आता आपले निर्वाचक देशातील बहुमताच्या उमेदवारालाच देण्याचा आपसांतील करार मेरीलँडने 2007 साली प्रथम स्वीकारला, आणि 2024 पर्यंत 17 राज्ये व राजधानी मिळून 209 निर्वाचक त्यात आले. 270 भरेपर्यंत तो अमलात यावयाचा नाही. त्या मार्गामागील तळमळीबद्दल मला आदर आहे, तरी ज्या राज्यांच्या मोजणीवर आपला अधिकार चालत नाही त्यांच्या आकड्यांवर विसंबून आपले निर्वाचक द्यावयाचे, ही त्यातील अडचण लहान नाही. बाय यांच्या मसुद्यात विजेत्यास किमान 40 टक्के मते आवश्यक होती व ती न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा मतदान व्हावयाचे होते. तोच मसुदा, देशभर एकच मतदारयादी व एकच मोजणी यांची जोड देऊन पुन्हा काँग्रेसपुढे यावा आणि त्यासाठी लागणारी 38 राज्यांची संमती, पेनसिल्व्हेनियाच्या गर्दीतून डावलल्या गेलेल्या लहान राज्यांपासूनच मागावयास आरंभ करावा.