भरती परीक्षेतला भूगोल : सुरुवात आपल्या पूर्णा नदीपासून करा

पोलीस भरतीची लेखी परीक्षा दिलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. शिक्षण दहावीपर्यंत उर्दू माध्यमात. म्हणाली, "सर, भूगोल येत होता, पण प्रश्नच कळला नाही. उपनदी म्हणजे मुआविन नदी, हे पेपर संपल्यावर लक्षात आलं." मैदानी चाचणीत ती उत्तम होती. यादीत मात्र थोडक्यात राहिली.

आपल्या अनेक मुलांची अडचण हीच आहे. शिपाई भरतीची लेखी परीक्षा 100 गुणांची, वेळ 90 मिनिटे. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान. महाराष्ट्राचा भूगोल सामान्य ज्ञानातच येतो. तिथे थांबून विचार करायला वेळ नसतो. म्हणून पहिलं काम, एक वही करा. डावीकडे उर्दू शब्द, उजवीकडे मराठी. सतहे मुर्तफा म्हणजे पठार. अर्जुल बलद म्हणजे अक्षांश, तूलुल बलद म्हणजे रेखांश. खते इस्तिवा म्हणजे विषुववृत्त. जज़ीरा म्हणजे बेट. असे शंभर शब्द झाले की निम्मी भीती जाते.

दुसरं काम, घरापासून सुरुवात करा. आपला मंठा तालुका जालना जिल्ह्यात. जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. तालुके आठ : जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा. दक्षिण सीमेवर गोदावरी. जालना शहरातून कुंडलिका वाहते, ती दुधनेला मिळते. दुधना पूर्णेला आणि पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला. ही साखळी एकदा कागदावर काढली की पाठ करावी लागत नाही.

आता इथेच एक फसवा प्रश्न असतो. महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या दोन मोठ्या नद्या आहेत. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि गोदावरीला मिळते. येलदरी धरण तिच्यावरच आहे. दुसरी पूर्णा मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, सातपुड्यात उगम पावते. अमरावती, अकोला, बुलढाणा असं करत ती जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. "पूर्णा कोणत्या नदीची उपनदी?" असा प्रश्न आला आणि पर्यायात तापी व गोदावरी दोन्ही असले, तर आधी जिल्हा किंवा धरण कोणतं दिलंय ते बघा.

तिसरं, डोंगररांगा नद्यांच्या मधे बसवा. तापी आणि गोदावरीच्या मधे सातमाळा-अजिंठा. गोदावरी आणि भीमेच्या मधे हरिश्चंद्र-बालाघाट. भीमा आणि कृष्णेच्या मधे शंभू महादेव. उत्तरेकडून दक्षिणेकडे हा क्रम लक्षात राहिला की कितीतरी प्रश्न सुटतात.

चौथं, जुनी पुस्तकं वापरताना सावध राहा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव 2023 मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर 2024 मध्ये. पेपरात नवी नावं येतात, त्यामुळे दोन्ही माहीत हवीत. काही जुन्या गाइडमध्ये अजून 35 जिल्हे लिहिलेत. पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, तेव्हापासून 36 आहेत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर आपण लहानपणापासून बघतो, पण ते 2020 मध्ये रामसर यादीत आलं हे जुन्या पुस्तकात मिळणार नाही.

महागडी पुस्तकं लागत नाहीत. बालभारतीचं इयत्ता तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं असतं. लहान भावंडांचं घ्या, आणि ते मराठी माध्यमाचंच घ्या. सोबत महाराष्ट्राचे कोरे नकाशे. रोज फजरनंतर वीस मिनिटं एक नकाशा न बघता भरायचा, मग चुका लाल पेनाने दुरुस्त करायच्या.

पालकांना एवढंच सांगणं आहे. मुलगा असो की मुलगी, उर्दूत शिकली म्हणून मागे पडत नाही. तिला येतं, फक्त ते मराठीत ओळखता यायला हवं. संध्याकाळी अब्बांनी वही हातात घेऊन दहा शब्द विचारले तरी पुरेसं आहे. विचारायला भूगोल यावाच लागतो असं नाही.