पोटगीची थकबाकी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलाच्या पोटगीचा आदेश झाला की सगळे मिळाले, असे अनेक आयांना वाटते. पण आदेश कागदावरच राहिला तर मुलाची शाळेची फी कशी भरायची? पैसे थकल्यावर काय करता येते, याविषयी चुकीच्या समजुती फार आहेत. त्याचा फायदा पैसे बुडवणाऱ्याला होतो.

गैरसमज: हप्ता थकला की न्यायालय स्वतःहून वसुली करते.
वस्तुस्थिती: वसुलीसाठी अर्ज करावाच लागतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. त्यानुसार वॉरंट हवे असेल तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

गैरसमज: आदेशाच्या आधीच्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत.
वस्तुस्थिती: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सांगितले. आदेशाची वसुली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणेही करता येते, हेही याच निकालात आहे.

गैरसमज: बाप तुरुंगात जाऊन आला की देणे फिटले.
वस्तुस्थिती: कायद्यात प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र कैद हे पैसे द्यायला लावण्याचे साधन आहे. तिने थकबाकी फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

गैरसमज: पगाराला हात लावता येत नाही.
वस्तुस्थिती: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीपासून सुरक्षित असतो. इतर कर्जांच्या तुलनेत पोटगीसाठी पगाराचा कितीतरी मोठा हिस्सा जप्त होऊ शकतो.

गैरसमज: गाव बदलले, नोकरी सोडली की सुटका.
वस्तुस्थिती: बाप जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडून आदेशाची अंमलबजावणी करून घेता येते. कमाईची ऐपत असलेल्या धडधाकट माणसाने प्रसंगी अंगमेहनत करूनही कुटुंब पोसावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे. परिस्थिती खरोखर बदलली असेल तर त्याने आदेशात बदल मागावा. तो मिळेपर्यंत देणे चालूच राहते.

गैरसमज: मुलाला भेटू दिले नाही तर पोटगी थांबवता येते.
वस्तुस्थिती: भेटीचा वाद वेगळा, त्यासाठी वेगळा अर्ज. पोटगी मुलाच्या पोटासाठी असते. आईबापांच्या भांडणात तिला ओलीस धरता येत नाही. आईने दुसरे लग्न केले तरी मुलाचा हक्क संपत नाही.

आदेशाची नक्कल जपून ठेवा. कोणता हप्ता कधी आला, कोणता थकला, याची तारीखवार नोंद करा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि वर्ष उलटायच्या आत अर्ज कराच.