‘एक्स्ट्रा स्पायसी’ आणि सोलापूरची जीभ

काळ्या मसाल्याचा रस्सा आणि शेंगाचटणी यांवर पोसलेल्या गावात ‘एक्स्ट्रा स्पायसी’ अशी जाहिरात लावायची म्हणजे धाडसच. शहरातल्या एका फास्ट फूड साखळीच्या दुकानात असा नवा बर्गर आल्याचं कळलं, म्हणून खाऊन पाहायला गेलो. पहिल्या घासाला तो चक्क गोडसर लागला. हेच का ते तिखट, असं म्हणेपर्यंत दहा-पंधरा सेकंद गेली आणि मग घशाकडून जाळ सुरू झाला. नाक वाहू लागलं, कपाळावर घाम आला. सोबत घेतलेल्या थंड कोल्ड्रिंकचा घोट घेतला, तर जाळ आणखी वाढला.

या सगळ्याचं शास्त्र मोठं गमतीचं आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाच चवी जीभ ओळखते. तिखट त्यांत नाही. आयुर्वेदाच्या सहा रसांत ‘कटू’ म्हणजे तिखट आहे हे खरं, पण आजच्या शरीरशास्त्राच्या लेखी तिखट लागणं ही चव नसून वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरच्या मज्जातंतूंच्या टोकांशी असलेल्या ‘टीआरपीव्ही-1’ नावाच्या ग्राहीला चिकटतं. हा ग्राही खरं तर उष्णतेचा पहारेकरी. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या पुढे काही टेकलं की तो मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप धाडतो. कॅप्सेसिन चिकटलं की तो नेहमीच्या शरीराच्या तापमानालाही तोच निरोप देतो. मेंदू बिचारा विश्वास ठेवतो आणि शरीर थंड करायच्या मागे लागतो, म्हणून घाम. मे महिन्यात सोलापूरचा पाराही 43 च्या आसपास असतो, हा केवळ योगायोग. पण घाम येण्याची यंत्रणा दोन्हीकडे तीच. तिखट तोंडाने गरम फ्राइज खाल्ल्या की त्या जास्तच भाजतात, त्याचंही कारण हेच. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने 1997 मध्ये शोधला आणि 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर मिळालं.

पक्ष्यांच्या या ग्राहीवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. पोपट मिरची मजेत खातो तो त्यामुळे. मिरचीच्याही ते सोयीचं आहे, कारण पक्षी बी न चावता दूरवर टाकतो. चावून बी वाया घालवणाऱ्या सस्तन प्राण्यांसाठी तिने हा जाळ राखून ठेवला. माणूस मात्र त्यासाठी पैसे मोजतो.

आता त्या उशिरा आलेल्या जाळाविषयी. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. मेयोनेजमधल्या तेलात ते धरून राहतं आणि जिभेवर सावकाश सुटतं. त्यावर पाणी प्यायलं तर ते फक्त तोंडभर पसरतं. कोल्ड्रिंकमधल्या वायूचं पाण्यात आम्ल होतं आणि ते मुळात चुरचुरणारंच. दूध किंवा दही मात्र उपयोगी पडतं, कारण त्यातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढून नेतं. आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागलं नाही. शेंगाचटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची आणि ताटात कडक भाकरीसोबत दह्यात कालवून खायची, ही रीत आधीपासूनच आहे. फास्ट फूडने तिखट उचललं, पण त्याच्या शेजारचं दही उचललं नाही.

आणखी एक. सॉसचा लालभडक रंग पाहून घाबरू नका आणि फिका रंग पाहून निर्धास्तही होऊ नका. ब्याडगी मिरची रंगाला, लवंगी तिखटाला, हे घरोघरी मसाला करणाऱ्या बायकांना ठाऊक असतं. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या खाद्यसाखळ्यांना भारतात मेन्यूवर कॅलरी लिहिणं बंधनकारक आहे, ते जरूर वाचावं. तिखटाचं माप मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. विल्बर स्कोव्हिल यांनी 1912 मध्ये ते मोजायची पद्धत दिली, तरी दुकानात आपल्याला दिसतात ती मिरचीची एक, दोन, तीन चित्रं. एकाच्या तीन मिरच्या दुसऱ्याच्या एका मिरचीएवढ्या असू शकतात.

तिखटाने अल्सर होतो, हा समज मात्र आता सोडायला हवा. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरामुळे होतात. जिवाणूचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं. पण अल्सर आधीच असेल, छातीत जळजळ होत असेल, मूळव्याध किंवा फिशर असेल, तर तिखटाने त्रास वाढतो. आणि पैजा लावून खाणं हा वेगळाच प्रकार आहे. 2023 मध्ये अमेरिकेत अतितिखट चिप खाण्याच्या ‘चॅलेंज’नंतर एका 14 वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच्या हृदयात जन्मजात दोष होता, हे नंतर समजलं. कंपनीने ती चिप बाजारातून काढून घेतली. पुढच्या वर्षी डेन्मार्कने काही कोरियन तिखट नूडल्स परत मागवल्या, त्यांतल्या काहींवरची बंदी नंतर उठवली. मुलांना अशी पैज लावू देऊ नये.

हा लेख लिहावासा वाटला तो खरं तर बर्गरमुळे नाही. शेजारच्या टेबलावर कॉलेजची चार पोरं तोच बर्गर खात होती. त्यांतल्या एकाने पहिल्याच घासाला तो बाजूला सारला. “मला हल्ली काहीच तिखट चालत नाही रे, घरची आमटीपण झोंबते,” तो म्हणाला. मित्र हसले. त्याच्या शर्टाच्या खिशातून सुपारीची पुडी डोकावत होती.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. जन्मभर झणझणीत खाल्लेल्या माणसाला एकाएकी साधं तिखट झोंबू लागणं, हे ‘ओरल सबम्यूकस फायब्रोसिस’ या आजाराचं अगदी सुरुवातीचं लक्षण असू शकतं. सुपारी, मावा, गुटखा यांमुळे गालाच्या आतलं अस्तर हळूहळू घट्ट होतं, पांढुरकं पडतं आणि तोंड उघडणं कमी होत जातं. अशा तोंडात कर्करोग होण्याचा धोका वाढतो. तंबाखू नसलेली साधी सुपारीही यातून सुटत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण खिशातल्या पुड्या बंद झालेल्या नाहीत.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमध्ये घालून पाहायची. ती सहज जात नसतील, किंवा तोंडात महिना-महिना झोंबत असेल, तर दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. घट्ट झालेलं अस्तर पूर्ववत होत नाही, पण सुपारी तिथेच थांबवली आणि उपचार व तोंडाचे व्यायाम लवकर सुरू केले, तर तोंड उघडणं बरंच टिकवता येतं.