एका पावसाचे तीन पूल

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात परंपरेने ज्या पाच नद्यांचा उगम मानला जातो, त्यांपैकी सावित्री पश्चिमेस कोकणात उतरते, तर कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळून तिच्यासह सांगलीकडे जाते; आणि या माथ्यावरून पोलादपुरास उतरणाऱ्या आंबेनळी घाटाचा सारा इतिहास म्हणजे याच पाण्याशी मनुष्याने पिढ्यान्‌पिढ्या चालविलेली वाटाघाट आहे.

सडक होण्यापूर्वी या मुलखात रडतोंडीच्या घाटासारख्या वाटा होत्या, ज्यांच्या नावातच वाटसरूची अवस्था सांगितलेली आहे. १६५९ साली अफझलखानाचे सैन्य वाईहून याच बाजूने पारास उतरले. त्या पार गावाजवळ कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आजही उभा आहे. नदी तेथे बालवयात असली तरी आषाढात तिचा वेग भयंकर असतो, हे ओळखून कमानी उभारणाऱ्या त्या अनाम पाथरवटांविषयी मला नेहमीच विलक्षण आदर वाटत आला आहे.

पुढे साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज असताना, १८२४ साली जनरल लॉडविक या डोंगरावर चढून गेला. १८२९ च्या तहाने महाराजांनी खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वर कंपनी सरकारास दिले, आणि साताऱ्याकडून मेढ्यावरून वर येणारी वाट राबती झाली. कोकणची बाजू मात्र १८७६ पर्यंत थांबली. त्या वर्षी मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांच्या नावाने आंबेनळीची सडक खुली झाली. सुमारे साडेचार हजार फुटांची ही उतरण बैलाला झेपावी म्हणून कड्याला वळसे घालीत नेली आहे. प्रवासी ती वळणे लक्षात ठेवतो. पण घाट टिकतो तो गटारे, मोऱ्या आणि दरीकडील भिंती यांच्या बळावर. एक मोरी तुंबली की पाणी सडकेवर येते, भराव भिजतो आणि रस्ता कडेकडेने दरीत जातो. म्हणून रुंदीकरणाहून मोऱ्यांच्या साफसफाईस अधिक तरतूद हवी, असे माझे ठाम मत आहे.

२०२१ च्या २२ जुलैला महाबळेश्वरी एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. आंबेनळीची सडक ठिकठिकाणी वाहून गेली, आणि खाली महाड सावित्रीच्या पुरात बुडाले. याच सावित्रीवरील इंग्रजी अमदानीतला महाडजवळचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री प्रवाशांच्या वाहनांसह कोसळला होता, ते दुःख त्या गावांत अद्याप ताजे आहे.

पूर्वेकडे वळलेले पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी येते. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या कारकीर्दीत, १९२९ साली, तो पूल व्हाइसरॉय आयर्विन यांच्या नावाने खुला झाला. त्याच्यापाशी मोजलेल्या फुटांवर सांगलीकराचे चित्त लागलेले असते : ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ साली तर ५७ च्याही वर. श्रावणात पुलाच्या कठड्याशी उभा असलेला म्हातारा शेजाऱ्याला आधी हेच विचारतो, ‘वर महाबळेश्वरला थांबला का?’