दुनळीला झेपेल तेवढाच बार

गिरगावातल्या एका चाळीत, ओळखीच्या गृहस्थांच्या कपाटात, नऊवारी लुगड्यांच्या घड्यांमागे तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक दुनळी आहे. बर्मिंगहॅमची, बारा बोअरची, दोन्ही नळ्या शेजारी शेजारी. आजोबांनी ती घेतली तेव्हा कोकणातल्या भातावर रानडुकरं उतरत होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकार संपली, आणि बंदूक मुंबईत येऊन कपाटात पडली. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, एवढाच तिचा प्रवास.

आता नातवाला तिच्याने थाळ्या फोडायच्या आहेत. या थाळीला इंग्रजीत मातीचं कबुतर म्हणतात. तिच्यात माती नसते, डांबरासारखं पिच आणि चुन्याची भुकटी असते. व्यास ११० मिलिमीटर, वजन साधारण १०५ ग्रॅम. एके काळी तिच्या जागी जिवंत कबुतरं सोडत. दादरच्या कबुतरखान्याजवळ लहानाचे मोठे झालेल्यांना हे ऐकवू नये. मुंबईत अशा नेमबाजीला जागा मिळणं कठीणच, कारण बारीक छरेसुद्धा दोनेकशे मीटर जातात. मात्र या खेळाला घर देणाऱ्यांत एक मराठी नाव आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा अजून भरते.

हल्लीच्या स्पर्धेतल्या बंदुकीच्या नळ्या एकावर एक असतात आणि ऑलिंपिकच्या काडतुसात छरे फक्त २४ ग्रॅम. म्हाताऱ्या दुनळीलाही हलका बारच मानवतो. ग्रीनर या बंदूककाराच्या नावावर सांगितला जाणारा जुना ठोकताळा आहे: बंदुकीचं वजन छऱ्यांच्या ९६ पट असावं. म्हणजे २८ ग्रॅम छऱ्यांना पावणेतीन किलोच्या आसपासची बंदूक. तिच्यात ३६ ग्रॅमचा बार कोंबला तर खांदा दुखतो हे खरं, पण त्याहून वाईट म्हणजे तेल मुरलेला अक्रोडाचा दस्ता मानेपाशी चिरतो आणि बिजागरी सैल होते.

इथेच बहुतेक जण फसतात. छरे कमी म्हणजे दाब कमी, असं नसतं. धक्का छऱ्यांच्या वजनावर आणि वेगावर ठरतो, तर नळीतला दाब दारू किती झपाट्याने जळते त्यावर. झटकन पेटणाऱ्या दारूचं २४ ग्रॅमचं काडतूस खांद्याला गोड लागेल, आणि तरी नळीवर चांगलाच ताण देईल.

म्हणून आधी नळ्या उतरवून त्यांच्या पोटाखालचे ठसे वाचायचे. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसने त्या कशासाठी तपासल्या, ते तिथे कोरलेलं असतं. १९५४ नंतरच्या ठशांत चौरस इंचामागे किती टन दाब, ते लिहिलेलं दिसतं. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून जोडलेली दमास्कस नळी असेल, तिच्यावर नुसत्या काळ्या दारूचाच ठसा असेल, तर बिनधुराचं काडतूस तिच्यात घालूच नये. नक्षी कितीही देखणी असो.

खरी गंमत लांबीत आहे. जुन्या इंग्रजी बंदुकीचं चेंबर बहुधा अडीच इंचांचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं. आजचं सर्रास काडतूस ७० चं. तरी ते आत अगदी सुखाने बसतं, कारण ७० हा आकडा बार उडाल्यानंतरच्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचा असतो. घडी घातलेल्या तोंडाचं काडतूस बरंच आखूड असतं. बंदूक मिटते, माणूस निर्धास्त होतो. बार होतो तेव्हा तोंड उघडायला जागाच उरत नाही. ते चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं 'शक्तिमान' घ्या किंवा परदेशी, खोक्यावरची लांबी वाचल्याशिवाय बंदुकीच्या जवळ नेऊ नये.

आमच्या गृहस्थांच्या बंदुकीवर बिनधुराच्या दारूचा ठसा निघाला आणि चेंबर अडीच इंचांचं. बंदूककाराने नळ्यांची जाडी मोजली, डावीकडचा घोडा जरा हट्टी आहे म्हणाला, आणि ६५ मिलिमीटरची, कमी दाबाची काडतुसं शोधायला सांगितलं. ती इथे सहज मिळत नाहीत. तोवर दुनळी पुन्हा लुगड्यांमागे आहे, आणि नातू खिशात पोलादी पट्टी घेऊन फोर्टातली दुकानं फिरतो आहे.